एकाच चित्रकाराचे संग्रहालय आणि दालनातील मंद प्रकाश

प्रश्न : कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे टोनी फॉस्टर या ब्रिटिश चित्रकाराच्या जलरंगचित्रांचे एक लहान संग्रहालय असल्याचे वाचनात आले. निर्मनुष्य रानावनांची ही चित्रे मोठ्या कलादालनात इतरांच्या चित्रांसोबत का ठेवू नयेत? आणि जलरंगचित्रे नेहमी इतक्या मंद प्रकाशात का दाखवतात?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर फॉस्टर यांच्या कामाच्या पद्धतीत आहे. इंग्लंडमधील कॉर्नवॉलमध्ये राहणारे हे चित्रकार १९८०च्या दशकापासून दुर्गम प्रदेशांत प्रवास करतात, तेथेच तंबू ठोकून राहतात आणि छायाचित्रांवरून नव्हे, तर प्रत्यक्ष समोर पाहून रंगवतात. एव्हरेस्ट आणि ग्रँड कॅन्यन यांची त्यांची मोठी चित्रे याच रीतीची आहेत. चित्राच्या कडेने ते स्वतःच्या हस्ताक्षरात नोंदी लिहितात, नकाशा काढतात आणि त्या जागी सापडलेली एखादी लहानशी वस्तू चौकटीत बसवतात. एका प्रवासातील चित्रे अशा रीतीने एकमेकांना जोडलेली असतात. ती निरनिराळ्या संग्राहकांकडे विखुरली, तर प्रत्येक चित्र देखणे राहील, पण प्रवास मात्र कोणालाच सलग पाहता येणार नाही, आणि माझ्या मते ही हानी फार मोठी आहे. म्हणूनच असे संग्रहालय लहान असले तरी आवश्यक आहे.

मंद प्रकाशामागचे कारण जलरंगाच्या घडणीत आहे. जलरंगात डिंकात कालवलेल्या रंगद्रव्याचा अत्यंत पातळ थर कागदावर बसतो आणि त्यावर तैलचित्रासारखे वार्निशचे आवरण नसते. प्रकाशामुळे अनेक रंगद्रव्ये, विशेषतः काही जुने सेंद्रिय लाल रंग, फिके पडतात. अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमर यांच्या काही चित्रांतील संध्याकाळचे आकाश आज जवळजवळ पांढरे दिसते, ते यामुळेच. ब्रिटनमध्ये रसेल आणि ॲबनी या शास्त्रज्ञांनी १८८८ साली या विषयावरील प्रयोगांचा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हापासून हा धोका पुराव्यानिशी ज्ञात आहे. अतिनील किरण विशेष काचेने अडवता येतात, परंतु दृश्य प्रकाशही हानी करतो, आणि ती साचत जाते : निम्म्या प्रकाशात दुप्पट काळ ठेवलेल्या चित्राची झीज साधारण तेवढीच होते. त्यामुळे अशा चित्रांवर सुमारे ५० लक्स (लक्स हे प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक) एवढाच प्रकाश ठेवण्याचा आणि ती ठरावीक काळाने उतरवून अंधारात विसावू देण्याचा प्रघात आहे. संग्राहक हेन्री व्हॉन यांच्या मृत्युपत्रानुसार इंग्रज चित्रकार टर्नर यांची जलरंगचित्रे १९०० साली स्कॉटलंडमधील एडिंबरा येथील राष्ट्रीय कलादालनाला मिळाली, ती फक्त जानेवारीत, म्हणजे दिवसाचा उजेड सर्वांत क्षीण असताना दाखवावीत, अशी अट व्हॉन यांनी घातली होती, आणि ती प्रथा तेथे आजही पाळली जाते.

दालनात शिरताच चित्रे फिकट वाटली, तर डोळे सरावेपर्यंत काही मिनिटे थांबावे. आपल्याला एखादे विशिष्ट चित्रच पाहायचे असेल, तर ते सध्या भिंतीवर आहे की विश्रांतीसाठी उतरवलेले आहे, याची चौकशी निघण्यापूर्वी संग्रहालयाकडे करावी.