जुन्या जपानी स्पोर्ट्‌स गाड्यांचे मूळ भाग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : १९७१ सालची डॅटसन २४०झेड घेण्याचा माझा विचार आहे. ही गाडी अमेरिकेत विकली गेलेली आहे. इंजिनासह सर्व भाग कारखान्यातून आले तसेच आहेत, असे विक्रेता सांगतो. हे पडताळण्याची सुरुवात कोठून करावी?

उत्तर : सुरुवात भागांपासून न करता गाडीच्या जन्मतारखेपासून करावी. ही गाडी नेमक्या कोणत्या महिन्यात तयार झाली हे ठरल्याखेरीज तिच्यावरचा कोणता भाग मूळ आहे हे सांगताच येत नाही. निस्सानने ऑक्टोबर १९६९ मध्ये हे मॉडेल जपानसाठी फेअरलेडी झेड आणि अमेरिकेसाठी डॅटसन २४०झेड या नावांनी जाहीर केले. १९७३ पर्यंत त्यात लहानमोठे बदल होत राहिले आणि त्यांतले कित्येक बदल वर्ष संपण्याची वाट न पाहता उत्पादन चालू असतानाच केले गेले. शिवाय कागदपत्रांवर लिहिलेले साल पुष्कळदा विक्रीचे असते. त्यामुळे '१९७१ ची' म्हणून नोंदलेली गाडी प्रत्यक्षात १९७० च्या उत्तरार्धात बनलेली असू शकते, आणि तसे असल्यास तिच्यावर १९७० चेच भाग असणे योग्य ठरते.

अमेरिकेसाठी बनलेल्या गाडीत चालकाच्या दाराच्या चौकटीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष सांगणारी पाटी असते. चासी क्रमांक दोन ठिकाणी वाचावा : डॅशबोर्डवर, समोरच्या काचेतून दिसणाऱ्या पाटीवर, आणि इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीवर, जेथे तो थेट पत्र्यातच ठोकलेला असतो. बोनेटखालच्या पाटीवर चासी क्रमांकाबरोबर इंजिन क्रमांकही दिलेला असतो. हा इंजिन क्रमांक ब्लॉकवर ठोकलेल्या क्रमांकाशी जुळला, तर ते इंजिन याच गाडीचे आहे असे समजण्यास भक्कम आधार मिळतो. मात्र ठोकलेल्या आकड्यांच्या आसपासचा धातू घासून सपाट केलेला दिसत नाही ना, आकड्यांची उंची आणि त्यांच्यामधले अंतर एकसारखे आहे ना, आणि पाटीचे रिबीट पुन्हा बसवल्यासारखे वाटत नाहीत ना, हे भिंगाखाली सावकाश पाहावे. रंग नवा असेल, तर ठोकलेले आकडे नव्या थराखाली बुजून गेलेले असतात आणि खोटेपणा लपायला तेवढी जागा पुरते.

ब्लॉक जुळला म्हणजे संपूर्ण इंजिन मूळ आहे असे होत नाही. २४०झेडच्या एल२४ इंजिनावर सुरुवातीला ई३१ असे अक्षर-अंक ओतलेले सिलिंडर हेड होते आणि पुढे ई८८ आले. ही खूण स्पार्क प्लगच्या बाजूने दिसते. कार्ब्युरेटर हिताचीने बनवलेले, एसयू या ब्रिटिश कार्ब्युरेटरच्या धर्तीचे होते. त्यांतल्या पहिल्या प्रकारच्या गोल डोक्यावर चार स्क्रू होते, नंतरच्या प्रकारावर तीन, आणि १९७३ च्या गाड्यांवर सपाट डोक्याचे कार्ब्युरेटर आले. सपाट डोक्याचे कार्ब्युरेटर गरम झाल्यावर त्रास देत असल्यामुळे अनेक मालकांनी ते काढून जुने गोल डोक्याचे बसवले. म्हणजे १९७३ च्या गाडीवर गोल डोक्याचे कार्ब्युरेटर दिसले, तर ती गाडी चांगली चालेलही, पण ते भाग तिचे मूळ भाग नव्हेत.

बाहेरून पाहताना मागचे दार आधी तपासावे. १९७१ च्या सुरुवातीपर्यंतच्या गाड्यांत हवा बाहेर टाकणाऱ्या जाळ्या या दारावर होत्या आणि मागच्या खांबावर '२४०झेड' असे लिहिलेले बोधचिन्ह होते. त्यानंतर दारावरच्या जाळ्या गेल्या आणि खांबावर 'झेड' अक्षराचे गोल चिन्ह आले, ज्यातून हवा बाहेर जाते. जाळ्यांचे दार आणि गोल चिन्ह एकाच गाडीवर दिसले, तर त्यांपैकी एक भाग दुसऱ्या गाडीवरून आलेला असण्याची शक्यता फार मोठी आहे. सीटच्या पट्ट्यांवर शिवलेल्या चिठ्ठीवर उत्पादनाचे वर्ष असते. गाडी घेणारे बहुतेक जण ही चिठ्ठी वाचत नाहीत. खोटे भाग जमवणाऱ्यांचेही तिच्याकडे सहसा लक्ष नसते, म्हणूनच मला ती फार मोलाची वाटते.

प्रश्न : टोयोटा २०००जीटीचा, '१९६७ सालचा, न वापरलेला' असा एक भाग विक्रीस आला आहे. खोके टोयोटाचेच आहे आणि त्यावर तीन लंबवर्तुळांचे चिन्ह आहे. भाग खरा मानावा का?

उत्तर : भाग खरा असू शकतो, पण १९६७ चा हा दावा त्या खोक्यानेच खोडून काढला आहे. तीन लंबवर्तुळांचे चिन्ह टोयोटाने ऑक्टोबर १९८९ मध्ये स्वीकारले, त्यामुळे ते खोके त्यानंतरचेच असले पाहिजे. हाच न्याय विद्युत भागांनाही लावता येतो. निप्पॉनडेन्सो या पुरवठादार कंपनीने १९९६ मध्ये आपले नाव डेन्सो केले. तेव्हा 'डेन्सो' एवढेच नाव छापलेला अल्टरनेटर १९७० च्या दशकातल्या गाडीवर कारखान्यातून आलेला असणे शक्य नाही, मग तो कितीही उत्तम दर्जाचा आणि त्याच कंपनीचा असो.

येथे चार वेगळ्या गोष्टी मनात स्पष्ट ठेवाव्या लागतात. पहिली, गाडी कारखान्यातून बाहेर पडताना तिच्यावर असलेला भाग. दुसरी, त्याच काळात कंपनीने सुटा भाग म्हणून विकलेला आणि फळीवर पडून राहिलेला भाग. तिसरी, कंपनीने पुढे कधीतरी, कदाचित वेगळ्या साच्यातून किंवा वेगळ्या पुरवठादाराकडून, पुन्हा बनवून घेतलेला भाग. चौथी, कंपनीशी संबंध नसलेल्या कोणीतरी केलेली नक्कल. पहिल्या तिन्हींना विक्रेते सर्रास 'ओरिजिनल' म्हणतात आणि तिन्हींची किंमत एकच लावतात. संग्राहकाने तसे करू नये. आपण विचारलेला भाग तपासणीत खरा ठरला तर तो बहुधा तिसऱ्या प्रकारात बसेल, आणि पैसेही त्याच हिशेबाने द्यावेत.

सुट्या भागाचा क्रमांक वाचता येणे ही यातली सर्वांत उपयोगी विद्या आहे. टोयोटा आणि निस्सान या दोघांचे क्रमांक साधारणपणे पाच आणि पाच अशा दोन गटांत असतात. पहिला गट भागाचे काम सांगतो आणि दुसरा गट तो कोणत्या मॉडेलसाठी, कोणत्या आवृत्तीचा हे सांगतो. पाण्याच्या पंपाचे उदाहरण घेतले, तर टोयोटाचा क्रमांक १६१०० ने सुरू होतो आणि निस्सानचा २१०१० ने. होंडाचे गट पाच, तीन, तीन असे असतात आणि मधली तीन अक्षरे निर्णायक ठरतात. १९९० मध्ये आलेल्या पहिल्या एनएसएक्सच्या इंजिनाच्या भागांवर पीआर७ आणि बॉडीच्या भागांवर एसएल० अशी खूण आढळते. माझदाची मांडणी चार, दोन, तीन अशी आहे. तिच्यातले मधले दोन आकडे विभाग सांगतात, जसे १५ म्हणजे शीतकरण. एवढे ठाऊक असले तरी काम न जुळणारा क्रमांक लावून विकलेला भाग लगेच पकडता येतो.

क्रमांकाची एक मर्यादा मात्र ध्यानात असू द्यावी. कंपनी भागात सुधारणा करते तेव्हा जुना क्रमांक रद्द होऊन त्याच्या जागी नवा येतो, आणि नव्या क्रमांकाचा भाग जुन्या गाडीत बसला तरी त्याचे पृष्ठ, रंग किंवा साहित्य वेगळे असू शकते. म्हणून गाडीच्या उत्पादनकाळात छापलेली कंपनीची सुट्या भागांची सूची मिळवावी आणि तिच्यातल्या क्रमांकाशी ताडून पाहावे. आजच्या विक्री यादीत बहुधा शेवटचा क्रमांकच दिसतो. आणि चिठ्ठी वा खोके यांच्यावर कधीही थांबू नये, कारण कागद छापणे सोपे असते. धातूतच ओतलेली खूण, ओतकामाच्या कडेची रेघ, यंत्राने घासलेल्या पृष्ठाचा पोत यांची नक्कल करणे बरेच कठीण असते.

प्रश्न : निस्सानच्या 'हाकोसुका' टोपणनावाच्या जुन्या स्कायलाइनची जीटी-आर ही वेगवान आवृत्ती म्हणून दाखवली जाणारी गाडी खरी जीटी-आर आहे की साध्या जीटीची केलेली नक्कल, हे कसे ओळखावे?

उत्तर : हा प्रश्न वारंवार येतो, आणि तो येणे योग्यही आहे, कारण साध्या स्कायलाइनला जीटी-आरचे रूप देण्याचा प्रघात जपानमध्ये फार जुना आहे. प्रामाणिकपणे 'नक्कल' म्हणून विकली जाणारी अशी गाडी आनंदाने चालवावी. तक्रार आहे ती खोट्या नावाने विकण्याची.

उत्तर चासी क्रमांकाच्या आरंभीच्या अक्षरांत आहे. १९६९ मध्ये आलेली चार दारांची जीटी-आर पीजीसी१० आहे आणि १९७० मध्ये आलेली दोन दारांची केपीजीसी१०. साध्या जीटी गाड्या मात्र जीसी१० आणि केजीसी१० आहेत. यातले 'पी' हे अक्षर जीटी-आरच्या एस२० इंजिनाचे द्योतक आहे. फेअरलेडी झेडच्या झेड४३२ या आवृत्तीतही, जिच्यावर हेच इंजिन आहे, चासीची अक्षरे एस३० च्या ऐवजी पीएस३० होतात. पुढच्या पिढीची, 'केनमेरी' टोपणनावाची १९७३ ची जीटी-आर केपीजीसी११० असून तिच्या अवघ्या १९७ गाड्या बनल्या. त्यामुळे तिच्या बाबतीत क्रमांकाचा पुरावा नसेल तर पुढे बोलणेच व्यर्थ आहे.

इंजिन उघड्या डोळ्यांनीही ओळखता येते. एस२० हे १९८९ सीसीचे, दोन कॅमशाफ्ट आणि चोवीस व्हॉल्व्हचे, प्रिन्स कंपनीच्या शर्यतीच्या इंजिनाच्या परंपरेतून आलेले यंत्र आहे. त्यात हवा एका बाजूने आत येते आणि धूर दुसऱ्या बाजूने बाहेर जातो. साध्या जीटीमधल्या एल२० मध्ये एकच कॅमशाफ्ट असते आणि आत येण्याचा व बाहेर जाण्याचा मार्ग दोन्ही एकाच बाजूला असतात. बोनेट उचलून धुराचे नळकांडे आणि कार्ब्युरेटर एकाच बाजूला दिसले, तर ते एस२० नव्हे. केवळ कार्ब्युरेटरवरून मात्र निष्कर्ष काढू नये. एस२० वर मिकुनीने परवान्याखाली बनवलेले तीन सोलेक्स ४०पीएचएच असतात, पण टोयोटा २०००जीटीवरही तीन ४०पीएचएचच आहेत आणि एल इंजिनावरही लोक तेच हौसेने बसवत आले आहेत.

इंजिन बदलता येते, म्हणून पुढे बॉडीकडे वळावे. हाकोसुका जीटी-आरला शंभर लिटरची इंधनटाकी होती, आणि नक्कल करणारे सहसा तिच्या वाटेला जात नाहीत. मागच्या चाकांवरचे काळे ओव्हरफेंडर (चाकाभोवतीच्या रुंद पट्ट्या), समोरची जाळी, 'जीटी-आर' अक्षरे हे सर्व भाग नव्याने बनवलेले मिळतात. त्यांच्या असण्याने काहीच सिद्ध होत नाही. पत्र्याच्या जोडांवरच्या कारखान्यातल्या स्पॉट वेल्डिंगच्या खळग्यांकडे पाहावे. ते ठरावीक अंतरावर, एका ओळीत असतात. चासी क्रमांक असलेला पत्र्याचा तुकडा दुसऱ्या गाडीवरून कापून जोडला असेल, तर त्याभोवतीची ही ओळ तुटते किंवा तेथे सलग वेल्डिंग दिसते. इंजिनामागच्या भिंतीची आतली बाजू गालिचा उचलून अवश्य पाहावी.

प्रश्न : माझ्याकडील आर३२ या नंतरच्या पिढीच्या स्कायलाइन जीटी-आरचे पुढचे फेंडर मूळ आहेत का, हे रंग न खरवडता कळेल का?

उत्तर : कळेल. आर३२ जीटी-आरचे बोनेट आणि पुढचे फेंडर कारखान्यातून ॲल्युमिनियमचे आले. मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक त्यांना चिकटले, तर ते साध्या आर३२ वरचे पोलादी भाग आहेत. चुंबक चिकटले नाही म्हणून मात्र खातरजमा झाली असे समजू नये, कारण फायबरच्या नकलेलाही ते चिकटत नाही. बोटाने ठोकून आवाज ऐकावा आणि आतल्या कडा पाहाव्यात. चासी क्रमांक बीएनआर३२ ने सुरू होत असल्याचीही खात्री करावी, कारण एचसीआर३२ आणि एचएनआर३२ या वेगळ्या गाड्या आहेत. इंजिन उघडले असेल तर ब्लॉकवरची ओतीव खूण वाचावी. या गाडीच्या नेहमीच्या आरबी२६ इंजिनावर ०५यू आणि शर्यतीसाठीच्या एन१ प्रकारच्या मजबूत ब्लॉकवर २४यू असते. २४यू हा अधिक महागडा ब्लॉक आहे, पण साध्या आर३२ जीटी-आरसाठी तो मूळ भाग नाही.

प्रश्न : आता कंपन्या स्वतःच जुन्या गाड्यांचे भाग पुन्हा बनवत आहेत. ते लावल्याने गाडीचे मोल कमी होते का?

उत्तर : गाडी उभी राहण्यापेक्षा असे भाग लावून चालणे केव्हाही श्रेयस्कर आहे. निस्सानच्या निस्मो या शाखेने २०१७ च्या अखेरीस आर३२ जीटी-आरसाठी, माझदाने त्याच सुमारास पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी, आणि टोयोटाने २०२० पासून सुप्रा व २०००जीटीसाठी असे भाग देण्यास आरंभ केला. ब्रेकच्या नळ्या, रबरी सील, इंधनाच्या नळ्या, बुशिंग हे झिजण्यासाठीच असलेले भाग आहेत. ते पन्नास वर्षांचे जुने ठेवण्याचा अट्टाहास मला धोकादायक वाटतो. ज्या भागावर क्रमांक ठोकलेला आहे, ओतीव खूण आहे किंवा तारीख आहे, तो मात्र दुरुस्त करून वापरावा आणि अगदी निरुपाय झाल्यावरच बदलावा. काढलेला प्रत्येक भाग, तुटलेला असला तरी, कोठून आणि केव्हा काढला हे चिठ्ठीवर लिहून गाडीबरोबर ठेवावा.

प्रश्न : नट-बोल्टांसारख्या किरकोळ वस्तूंनाही एवढे महत्त्व द्यावे काय?

उत्तर : अवश्य द्यावे, किंबहुना माझा सर्वाधिक विश्वास त्यांच्यावरच आहे. त्या काळच्या जपानी बोल्टांच्या डोक्यावर ४, ७, ९ असे मजबुतीचे आकडे उठवलेले असतात, आणि जपानी मानकाच्या फुलीच्या स्क्रूवर बहुधा एक लहानसा ठिपका असतो. पुष्कळ बोल्टांवर सोनेरी पिवळसर जस्ताचा मुलामा असे. सगळे बोल्ट चकचकीत पांढरे किंवा स्टेनलेस दिसले, तर तो भाग कधीतरी उघडला गेला आहे एवढे निश्चित समजावे. फेंडर, बिजागऱ्या आणि दारे यांच्या बोल्टांवरचा रंग कोपऱ्यांवर तुटलेला आहे का, हे पाहावे. कारखान्यात अनेकदा हे भाग बोल्टसकट रंगवले जात, त्यामुळे पान्याचा पहिला स्पर्श तेथे कायमचा उमटतो. आणि आपण स्वतः हे स्क्रू उघडणार असाल, तर जपानी मानकाचा स्क्रू ड्रायव्हरच वापरावा. दिसायला तसाच असलेला फिलिप्स प्रकारचा स्क्रू ड्रायव्हर खाचेत पूर्ण बसत नाही, निसटतो आणि डोके खराब करतो. बोल्टांना पुन्हा मुलामा द्यायचाच असेल, तर आधी प्रत्येकाच्या डोक्यावरचा आकडा आणि त्याची जागा यांचे छायाचित्र काढावे, कारण मुलामा देणाऱ्याकडून सगळे बोल्ट एकाच पिशवीत परत येतात.