घोडी दीड महिन्याची गाभण आहे, रपेट आणि उड्या बंद करू का?

तुम्ही लिहिलंय की घोडी आठ वर्षांची, मारवाडी, फाल्गुनात भरवली आणि दीड महिना झाला. रोजची रपेट आणि आठवड्यातून दोनदा अडीच-तीन फुटांच्या उड्या ही तिची जुनी सवय. घरचे म्हणतात खुंट्याला बांधून ठेवा, क्लबवाले म्हणतात काही होत नाही. आम्ही नांदेडच्या लोहा तालुक्यात घोड्या पाळतो, शिंगरं वाढवतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बांधून घालू नका. रोज कामाची सवय असलेली घोडी एकदम उभी केली की पाय सुजतात, नुसत्या कोरड्या कडब्यावर पोट धरतं, आणि पोटदुखी गाभाला उडीपेक्षा जास्त वाईट. पण क्लबवाल्यांचंही पूर्ण ऐकू नका, कारण मराठवाड्यात सध्या खरा धोका उन्हाचा आहे.

आधी उडीचं. घोडी फळल्यावर पाच-सहा दिवसांनी गर्भ पिशवीत उतरतो आणि साधारण सोळाव्या दिवसापर्यंत पिशवीभर फिरत राहतो. त्या फिरण्यातूनच घोडीच्या शरीराला कळतं की गाभ आहे, माज येऊ द्यायचा नाही. मग पिशवी आवळते आणि तो एका जागी ठरतो. तुमच्या घोडीच्या पोटातलं शिंगरू आत्ता दोन-तीन सेंटीमीटरचं असेल, पाण्याच्या थैलीत नीट बसलेलं. उडीनंतर जमिनीवर उतरतानाच्या हिसक्यानं ते सुटून येत नाही. ब्रिटनमध्ये तर गाभण घोडीला 120 दिवसांपर्यंत शर्यतीत पळवता येतं.

आता उन्हाचं. अमेरिकेत काही घोड्यांना दमट उष्ण हवेत रोज अर्धा तास व्यायाम देऊन बघितलं होतं. कामानंतर त्यांचं अंग 104 फॅरनहाइटच्या जवळ तापायचं, आणि नुसत्या उभ्या असलेल्या घोड्यांच्या मानानं त्यांच्या पिशवीतून तपासणीसाठी काढताना गर्भ कमी मिळाले. ते अगदी पहिल्या आठवड्यातले गर्भ होते, तुमची घोडी त्या टप्प्याच्या पुढं आली आहे. तरी पहिले दोन महिने गाभ जाण्याच्या सगळ्यात जास्त धोक्याचे, आणि आपल्याकडे नेमके तेच चैत्र-वैशाखात येतात. इथं दुपारी पारा 42 वर जातो आणि रात्री नऊलासुद्धा जमीन वाफा टाकते. म्हणून काम पहाटे, उजाडता उजाडता, आणि सात-साडेसातच्या आत घोडी सावलीत.

अंदाजावर जाऊ नका, थर्मामीटर घ्या. साधा डिजिटल चालतो. टोकाला व्हॅसलिन लावायचं, घोडीच्या डाव्या बाजूला अंगाला चिकटून उभं राहायचं, शेपूट बाजूला धरून गुदद्वारात थोडा तिरका घालायचा म्हणजे टोक आतल्या भिंतीला टेकतं. निवांत घोडीचं तापमान 99.5 ते 101.5 असतं. कामानंतर ते चढणारच, पण 103 च्या पुढं गेलं तर त्या दिवसाचं काम जास्त झालं. लगेच मान, छाती आणि मांड्यांच्या आतून पाणी ओता, ते निथळून काढा, पुन्हा ओता. पाणी प्यायला द्या. तापलेल्या घोडीला पाणी पाजू नये असं जुनी माणसं सांगतात, ते ऐकू नका. अर्ध्या तासात नाकपुड्या शांत झाल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी सुट्टी.

ताप आणि पोटदुखीला मी इतका का घाबरतो, तेही सांगतो. या दिवसांत गाभ टिकतो तो अंडाशयातून येणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकावर. वार ते काम पूर्णपणे हातात घेते ती चौथ्या महिन्याच्या आसपास. तोवर जोराचा ताप किंवा आतड्यांचा आजार झाला की शरीरात असे पदार्थ तयार होतात, जे प्रोजेस्टेरॉन बंद पाडतात, आणि घोडी गाभडते. म्हणून या महिन्यांत घोडी चारा सोडून पोटाकडे मान वळवायला लागली तर घरगुती काढ्यात वेळ घालवू नका, डॉक्टरांना तेव्हाच बोलवा.

उड्या चालू ठेवा, पण तिला येतात त्याच. नवी उंची नको, स्पर्धा नको, दमल्यावर एकही नको. दमलेली घोडी पाय उचलत नाही आणि पडते. काळ्या रानात आत्ता पाय जाईल एवढ्या भेगा आहेत, तिथं तर अजिबात नको. मुरमाची किंवा वाळूची, उकरून मऊ केलेली जागा बघा. लग्नसराईत कुणी नाचाला मागितली तर सरळ नाही म्हणा. डीजे, डांबर, ऊन आणि मागच्या पायांवर उभं करणं, गाभण घोडीला यातलं एकही नको.

एक काम मात्र याच आठवड्यात करा: सोनोग्राफी. पहिली 14 ते 16 दिवसांच्या दरम्यान व्हायला हवी होती, कारण जुळं असेल तर एक गर्भ तेव्हाच सहज काढता येतो. घोडीला जुळं पेलत नाही, बहुतेक वेळा दोन्ही जातात. तुमच्या लिहिण्यात तपासणीचा उल्लेख नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं चौकशी करा. नुसती रक्ततपासणी पुरेशी नाही. 36-38 दिवसांनंतर पिशवीत ज्या गाठी तयार होतात, त्यांचं संप्रेरक गाभ गेल्यावरही रक्तात दिसत राहतं. घोडी नीट माजावरही येत नाही आणि तुम्ही गाभण समजून अख्खा हंगाम घालवता. पडद्यावर शिंगराच्या काळजाचे ठोके दिसले तरच खरं. जुळं निघालं, किंवा आधी कधी गाभडली असेल, तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा आणि डॉक्टर सांगतील तेवढंच काम द्या.

पुढं चौथा महिना संपला की उड्या बंद, सहाव्यानंतर खोगीर उतरवा आणि हातात धरून फिरवा किंवा मोकळी सोडा. साधारण 340 दिवस धरले तर माघात विईल. मार्गशीर्षात भरणाऱ्या आमच्याकडच्या माळेगावच्या यात्रेला ती नऊ महिन्यांच्या पुढं असेल. हौस कितीही असली तरी तिला तिकडे नेऊ नका. हर्पीसच्या विषाणूनं घोड्या गाभडतात त्या बहुतेक याच शेवटच्या महिन्यांत, आणि तिथं चारी दिशांची जनावरं एकत्र आलेली असतात. तिच्या पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात द्यायच्या हर्पीसच्या लसीबद्दल सोनोग्राफीला जाल तेव्हाच विचारून घ्या.