वाचकांचे प्रश्न : अपडेट आलं, दीड हजेरी गेली

प्रश्न : जुळे सोलापुरात आमच्या दोन इमारतींचं काम चालू आहे. हजेरी आणि पगारासाठी मोबाइलवरचं सॉफ्टवेअर वापरतो. मध्यंतरी त्यात अपडेट आलं आणि स्लॅबच्या दिवसांची मजुरी एकदम फुगली. रात्री उशिरापर्यंत थांबलेल्या माणसाला पूर्वी दीड हजेरी पडायची, आता दोन पडतात. सॉफ्टवेअरवाले म्हणतात, नियमाप्रमाणे आहे. जुनं व्हर्जन परत टाकून घेता येईल का?
— एक बांधकाम ठेकेदार

उत्तर : येईलही, पण टाकू नका. चूक तुमच्या दीड हजेरीत आहे.

आकडाच मांडू. समजा गवंड्याची हजेरी आठ तासांची, ८०० रुपये. तासाला १०० पडले. सहाला सुटणारा माणूस स्लॅब पुरा होईस्तोवर दहापर्यंत थांबला, तर चार तास जास्तीचे. साइटच्या रिवाजाने त्याची अर्धी हजेरी, म्हणजे ४०० रुपये. यात जादा कामालाही साधाच दर लागला. कायदा जादा तासाला दुप्पट दर सांगतो. चार तासांचे ८०० झाले, म्हणजे आणखी एक पूर्ण हजेरी. हे काल-परवाचं नाही. १९९६च्या बांधकाम कामगार कायद्यात २९व्या कलमात दुप्पट होतंच, आणि २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या श्रमसंहितांमध्येही तेच आहे.

स्लॅब मध्येच थांबवता येत नाही, जोड कच्चा राहतो, हे मलाही कळतं. पण त्याचा भार गवंड्याने का उचलायचा? चौरस फुटाचा दर काढताना मिक्सर आणि व्हायब्रेटरचं भाडं आठवणीने धरता. रात्रीचे चार तासही तिथेच धरा.

आता सॉफ्टवेअरचं काय तपासायचं ते सांगतो, कारण ते दुप्पट बरोबर लावतं म्हणून तास बरोबर मोजतंच असं नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये काम सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी चार ते सात चालतं. आठच तास. पण सेटिंग ‘पहिलं आत, शेवटचं बाहेर’ असं असेल तर सहा ते सात असे सरळ तेरा तास धरले जातात, आणि दुपारी लिंबाखाली झोपलेल्या माणसाला पाच तासांचा दुप्पट पगार लागतो. (माणसाला वाईट वाटणार नाही, तुम्हाला वाटेल.) दिवसाला चार पंच (आत-बाहेरच्या वेळेच्या चार नोंदी) लावा, आणि अपडेटनंतर ते सेटिंग जागेवर आहे का ते बघा. नवं व्हर्जन आलं की अशी सेटिंग्ज गुपचूप मूळ पदावर जातात.

दुसरं, दर. आपल्या राज्यात किमान वेतनावरचा विशेष भत्ता सहामाही बदलतो, १ जानेवारीला आणि १ जुलैला. परिपत्रक हातात पडायला मात्र वेळ लागतो. म्हणून दराच्या रकान्याशेजारी ‘लागू दिनांक’ हा रकाना हवाच. तो नसेल तर नवा दर टाकल्याबरोबर मागचे बंद केलेले महिनेही बदलतात आणि तुमची सही असलेला कागद एक सांगतो, मोबाइल दुसरंच. एखादा जुना महिना उघडून छापील पगारपत्रकाशी ताडून बघा.

परिमंडळही बघा, म्हणजे किमान वेतनाचा दर ज्या भागाप्रमाणे ठरतो तो भाग. रे नगरच्या तीस हजार घरांची वसाहत कुंभारीला, दक्षिण सोलापूर तालुक्यात. तिथे राबणारी पुष्कळ माणसं राहायला शहरात. दर ठरतो तो काम जिथे होतं तिथला. सॉफ्टवेअरमध्ये साइटचा पत्ता न भरता ऑफिसचा पत्ता भरून मोकळं होणारे ठेकेदार मला नेहमी भेटतात.

प्रश्न : माझ्याकडं सेंट्रिंगची अन् गवंडीकामाची पोरं हायेत. नवीन मशीन आल्यापासनं निम्म्यांचा अंगठा लागंना झालाय. साहेब म्हणायलेत, मशीनमधी नाव नाही तर हजेरी नाही. काय करावं?
— एक मुकादम, अक्कलकोट रोड

उत्तर : मुकादम, ओलं सिमेंट कातडी खातं. गवंड्याच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजून बोट गुळगुळीत होतं, मग मशीन काय वाचणार? कमी झिजलेलं दुसरं बोट नोंदवून घ्या किंवा चेहऱ्याची हजेरी मागा. तोवर मशीनने नाकारलेलं नाव त्याच दिवशी सुपरवायझरने कारणासह हाताने चढवायचं. तुम्हीही वहीत तारीख, नाव, आत-बाहेरची वेळ लिहा आणि संध्याकाळी सुपरवायझरची सही घ्या. केलेल्या कामाची मजुरी मशीन बिघडलं म्हणून बुडत नाही.

पोरांना हे नीट समजावा, कारण गोष्ट मजुरीवर थांबत नाही. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नोंदणीला वय १८ ते ६० लागतं आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. मशीनने खाल्लेले दिवस तिथे कमी पडतात.

प्रश्न : मी विजापूर रोडवरून घरी बसून अमेरिकेतल्या एका बांधकाम ठेकेदाराच्या पगाराचं काम करते. सरकारी कामांवर तिथे ‘प्रचलित वेतन’ लागतं. अपडेटनंतर सॉफ्टवेअरने चालू कामाचे दर आपोआप नवे केले, आणि ओव्हरटाइमही वाढलेला दिसतो. तसंच पुढे पाठवू का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : नको, ताई. तिथली रीत आपल्या उलट आहे. १९३१च्या डेव्हिस-बेकन कायद्याखाली, २,००० डॉलरवरच्या केंद्र सरकारी बांधकामात, त्या भागातल्या दरांचं पत्रक करारालाच जोडलेलं असतं आणि साधारणपणे काम संपेपर्यंत तेच चालतं. करारात मोठं नवं काम वाढलं किंवा मुदत वाढवली तर गोष्ट वेगळी. तेव्हा करारासोबतचं पत्रक मागवा आणि त्यावरचा दर लावा. आज सरकारी संकेतस्थळावर काय आहे ते या कामाला लागू नाही.

ओव्हरटाइममध्ये बहुधा हे झालंय : तिथल्या दराचे दोन भाग असतात, मूळ दर आणि सवलतींचा भाग (विमा, पेन्शन अशांसाठीचा). आठवड्याला ४० तासांनंतर दीडपट होते ती मूळ दराची. मूळ ३० डॉलर आणि सवलतींचे १० असतील तर जादा तासाचे ४५ आणि १० मिळून ५५. तुमचं सॉफ्टवेअर ६० दाखवत असेल तर त्याने दोन्हींची दीडपट केली.

आणखी एक. सकाळी सुतारकाम आणि दुपारी साधी मजुरी करणाऱ्याला दोन दर लावता येतात, पण कुठल्या कामाला किती तास गेले याची नोंद असेल तरच. अपडेटने ते दोन रकाने एकत्र केले नाहीत ना, बघा. दुरुस्ती स्वतःच्या मनाने करू नका. आकड्यांसह मालकाला आजच मेल टाका, कारण पगारपत्रक दर आठवड्याला सरकारकडे जातं आणि सगळं खरं असल्याची सही त्याखाली त्यांची असते.