‘आजीला लुबाडले’ हे वाक्य चुकले का?

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. ‘लुबाडणे’ या क्रियापदाचा वाक्यात उपयोग करायचा होता. तिने लिहिले, ‘माझ्या आजीला लुबाडले.’ बाईंनी त्यावर लाल रेघ मारून शेजारी ‘कर्ता?’ असे लिहिले. गेल्या महिन्यात माझ्या सासूबाईंना खरोखरच फोन आला होता. आज रात्री गॅस तोडणार, मोबाइलवर पाठवलेली फाइल उघडून बिल भरा, म्हणून. पेन्शनच्या खात्यातले ४२ हजार रुपये गेले. तेव्हापासून त्या ‘मी फसले, मीच मूर्ख’ एवढेच म्हणतात. मुलीचे वाक्य चूक आहे का? बरोबर वाक्य कसे करायचे?
– एक आई, काळाचौकी

उत्तर : वाक्य चूक नाही. कर्ता माहीत नसला की मराठी तो खुशाल गाळते. ‘आमच्या गल्लीत रस्ता खणून ठेवलाय’ असे आपण रोज म्हणतो, कोणी खणला ते सांगत बसत नाही. तुमच्या मुलीला चोराचे नाव-गाव ठाऊक नाही, मग तिने कर्ता आणायचा कुठून?

तरी तिच्या बाईंचे म्हणणेही समजून घ्या. वाक्यात उपयोग करायला सांगतो तेव्हा त्या शब्दाचा अर्थ वाक्यातूनच कळला पाहिजे. ‘आजीला लुबाडले’ यात ‘लुबाडले’च्या जागी ‘हसवले’ घातले तरी वाक्य उभे राहते. मी लालबागच्या शाळेत ३१ वर्षे मराठी शिकवले आणि अशा वाक्यांवर मीही रेघा मारल्या. आज ती वही माझ्यासमोर असती तर रेघ मारण्याआधी मुलीला जवळ बोलावून विचारले असते, ‘काय झालं गं आजीला?’

आता शब्दाकडे येऊ. चाकू दाखवून पैसे काढून घेतले तर ते ‘लुटणे’. ‘लुबाडणे’ला चाकू लागत नाही. त्यात माणूस बहुधा विश्वासाने स्वतःच्या हाताने देतो. फाइल सासूबाईंनीच उघडली, म्हणून इथे हाच शब्द नेमका बसतो. मुलीने शब्द अचूक निवडला आहे, हे तिला आवर्जून सांगा.

या क्रियापदाला माणूसही कर्म म्हणून चालतो आणि वस्तूही. ‘भामट्याने आजीला लुबाडले’ हा भावे प्रयोग. आजी स्त्रीलिंगी असली तरी ‘ला’ लागल्यामुळे क्रियापद ‘लुबाडले’ असेच राहते. ‘भामट्याने आजीची सोनसाखळी लुबाडली’ हा कर्मणी. इथे क्रियापद साखळीप्रमाणे बदलले. बोलताना ‘मला फसवली’ असे आपल्याकडे सर्रास ऐकू येते. बोलणाऱ्या बाईला त्यावरून टोकू नका, वहीत मात्र ‘फसवले’ लिहायला सांगा.

बाकीची क्रियापदे इतकी मोकळी नाहीत. ‘फसवणे’ आणि ‘गंडवणे’ माणसाला धरतात. ‘आजीचे पैसे फसवले’ असे कोणी म्हणत नाही. उलट ‘बुडवणे’ पैशाला धरते, ‘हडपणे’ जमिनीला किंवा खोलीला. ‘उकळणे’ही पैशाचेच, पण त्याला ‘कडून’ लागते : ‘आजीकडून ४२ हजार उकळले.’ आणि रक्कम सांगायची असेल तर ‘४२ हजारांना गंडवले’. भाजी चाळीस रुपयांना घेतली, तसाच हा ‘ना’ आहे. वर्तमानपत्रातल्या ‘वृद्धेला चार लाखांना गंडा’ या मथळ्यातही तोच. (गाणे शिकणारा गुरूकडून गंडा बांधून घेतो, ते वेगळे. तिथे ‘बांधणे’ आहे, इथे ‘घालणे’.)

‘नाडणे’ हा शब्द हल्ली मागे पडला, त्याचे मला वाईट वाटते. समोरच्याची अडचण ओळखून त्याला पिळणे हे फक्त याच शब्दात येते, म्हणून तर आपण ‘अडला-नाडला’ असे जोडून म्हणतो. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. ते लोक नाडलेले होते. त्यांना ‘फसलेले’ म्हटले तर सावकार नामानिराळा राहतो.

सासूबाईंच्या वाक्यातही तेच झाले आहे. ‘मी फसले’ यात ‘फसणे’ अकर्मक आहे. चिखलात पाय फसतो, तसे. फसवणारा त्या वाक्यात कुठेच नाही, जे काही घडले ते एकट्या आजींचे. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. डोंबिवलीत खोली मिळवून देतो म्हणून एका दलालाने त्यांच्याकडून सहा हजार घेतले आणि तो पुन्हा दिसला नाही. वडील आयुष्यभर ‘मी फसलो’ म्हणत राहिले. आई दरवेळी हातातले काम थांबवून म्हणायची, ‘तुम्ही फसला नाहीत, तुम्हाला फसवलं.’ आई चौथी शिकलेली होती. सकर्मक-अकर्मक मी वर्गात पुढे कितीतरी वेळा शिकवले, पण मला ते कळले होते आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत. १९८२ च्या गिरणी संपानंतर वर्गातली मुले ‘बाबांचे पैसे बुडाले’ म्हणायची, तेव्हाही मी विचारायची, ‘बुडाले की बुडवले?’ काहींना उत्तर माहीत असायचे.

म्हणून सासूबाईंना आधी वाक्य बदलायला लावा. आणि तक्रार केली नसेल तर आजच करा. १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी क्रमांक आहे. तो जितक्या लवकर लावावा तितकी पैसे पुढे जाण्याआधी अडवण्याची आशा जास्त. महिना झाला म्हणून सोडून देऊ नका. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रारही द्या. ज्याला आपण अजून चारसोबीस म्हणतो तो गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे.

तक्रारीत ‘माझे पैसे गेले’ असे लिहू नका. असे लिहा : ‘अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक क्रमांकावरून बोलणाऱ्या अनोळखी इसमाने गॅस तोडण्याची भीती घालून मला फाइल उघडायला लावली आणि माझ्या खात्यातून ४२ हजार रुपये काढून मला लुबाडले.’ कर्ता ‘अनोळखी इसमाने’. मुलीच्या बाईंनी विचारलेला कर्ता हाच. हे वाक्य मुलीला तिच्या अक्षरात लिहू द्या, आजींना मोठ्याने वाचून दाखवू द्या, आणि मग सही आजींची घ्या.