बोलणं ओसरतंय, तरी थेरपी का करायची?

प्रश्न : माझे यजमान ६४ वर्षांचे आहेत. देवगड तालुक्यात आमची आंब्याची कलमं आहेत. दीडेक वर्षापासून शब्द हरवायला लागले. परवा ताटात बांगडा वाढला तर विचारतात, ‘बांगडो म्हंजे काय गो?’ आंबे काढायचा झेला हातात घेऊन हे कशाला, म्हणून विचारतात. बाकी बोलणं घडाघडा, बागेतल्या वाटा पाठ, पेपरही मोठ्याने वाचतात. कोल्हापूरच्या न्यूरॉलॉजिस्टनी एमआरआय करून ‘प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजिया, सिमॅन्टिक प्रकार’ असं सांगितलं. आजार वाढतच जाणार, औषध नाही, पण स्पीच थेरपी करा म्हणाले. मुलगा म्हणतो, वाढणारच असेल तर खर्च कशाला? तो आणि सून रोज वस्तू दाखवून नावं विचारतात. यांना राग येतो.

उत्तर : ताई, राग येणारच. आधी ती रोजची परीक्षा आजपासून बंद करा. अफेजिया म्हणजे मेंदूतल्या बिघाडामुळे भाषा जाणं, आणि सिमॅन्टिक म्हणजे शब्दांच्या अर्थाशी संबंधित. अर्धांगवायूनंतर गेलेली भाषा काही अंशी परत येते. इथे मेंदूच्या टेम्पोरल, म्हणजे कानशिलाकडच्या, भागाचं पुढचं टोक, बहुधा डावीकडचं, हळूहळू झिजतं आणि नावाबरोबर त्या वस्तूची ओळखच पुसट होते. ‘आठवा, आठवा’ म्हणून ती येत नाही. हा आजार मार्सेल मेसुलम यांनी १९८२ साली वेगळा ओळखला आणि २०११ मध्ये त्याचे तीन प्रकार ठरले. तुमच्या यजमानांच्या प्रकारात बोलण्याचा ओघ आणि रोजच्या घटनांची आठवण बराच काळ टिकते. आपल्याला काम करायचं आहे ते याच आधारावर. पेपर वाचतात त्यावर मात्र विसंबू नका. देवनागरी अक्षर लावून वाचता येतं, म्हणून मजकूर पोचला असं होत नाही.

मुलाला सांगा, थेरपी आजार थांबवत नाही, हे खरं आहे. पण त्यांना लागणारे शब्द जास्त दिवस हाताशी राहतात, हे मी माझ्या पेशंटांमध्ये पाहिलं आहे आणि अभ्यासांतही तेच दिसलं आहे. अट एकच : शब्द त्यांच्या जगण्यातले हवेत. बाजारातल्या चित्रांच्या पुस्तकातलं सफरचंद शिकवून देवगडच्या बागायतदाराला काय मिळणार? शिवाय या प्रकारात शिकलेलं त्याच वस्तूला चिकटून राहतं. पुस्तकातला चाकू ओळखला म्हणून घरची विळी ओळखतील, असं नाही.

म्हणून तुमचाच झेला घ्या, तुमच्याच कलमाखाली त्याचा फोटो काढा, खाली ठळक अक्षरात नाव लिहा. नाव विचारू नका, आधी तुम्हीच सांगा : ‘हो झेलो. ह्येनी आंबो काढूचो.’ मग त्यांना म्हणू द्या आणि लगेच झेला हातात देऊन एक आंबा काढू द्या. चुकीचा अंदाज बांधायची वेळच येऊ देऊ नका, कारण चूकही डोक्यात बसते. एका वेळी आठ-दहा शब्द पुरेत, रोज पंधरा-वीस मिनिटं. कोणते, ते त्यांनाच निवडू द्या : झेला, पेटी, बांगडा, नातवाचं नाव, गुडघ्याची गोळी. जमलेले शब्दही सोडून देऊ नका, उजळणी थांबली की ते निसटतात. आणि हे सगळं मालवणीतच करा. थेरपिस्ट पुण्या-मुंबईची असली तरी तिला तसं स्पष्ट सांगा.

थेरपीचा दुसरा अर्धा भाग तुम्हा घरच्यांसाठी आहे, आणि माझ्या मते तोच मोठा. एका वाक्यात एकच गोष्ट बोला. ‘बाजारातून काय आणू?’ असं मोघम विचारण्यापेक्षा दोन वस्तू किंवा दोन फोटो समोर धरा. ‘ते… ते हे’ म्हणाले आणि तुम्हाला कळलं, तर शब्द काढून घेत बसू नका, बोलणं पुढे न्या. फोटोंची वही आत्ताच सुरू करा, त्यांचं मत विचारता येतंय तोवर. बँकेची आणि जमिनीची कामंही त्याच कारणासाठी लांबवू नका. पुढे गोडाची अनावर ओढ किंवा एकाच गोष्टीचा हट्ट दिसला तर तोही आजाराचाच भाग असू शकतो. सुनेला हे आधीच सांगून ठेवा.

मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे, तिथे दाखवता येईल. पहिली तपासणी समोरासमोर करून पुढची सत्रं व्हिडिओ कॉलवर घेता येतात का, ते थेरपिस्टना विचारा. माझ्या अनुभवात त्या सत्रांना घरचं माणूस शेजारी असलं की काम चांगलं होतं. तेव्हा मुलालाच बसवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अफेजियामुळे येणारं कायमचं वाचा व भाषा अपंगत्व धरलेलं आहे. त्याच्या प्रमाणपत्राबद्दल जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, जाताना न्यूरॉलॉजिस्टचे कागद आणि एमआरआय सोबत न्या.