सामाजिक असुरक्षितता मोजण्याचा कटर यांचा निर्देशांक शहापूर तालुक्यातील मोजक्या गावांच्या कुटुंब-पाहणीला लावता येईल का? नमुना किती घ्यावा?

तसाच्या तसा लावता येणार नाही. अमेरिकन भूगोलतज्ज्ञ सुसान कटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये मांडलेला हा निर्देशांक अमेरिकेतील काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) हे एकक धरून, 42 चलांमधून (मोजलेल्या बाबींमधून) 11 घटक काढून तयार केलेला आहे. तुमचे एकक कुटुंब आहे आणि गावे मोजकीच आहेत. नमुन्याच्या आकाराचे सूत्र संख्याशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात मिळेल. मात्र त्या नमुन्यातील घर बंद मिळाले तर काय करायचे, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे सगळे मोजमाप तिथेच बिघडते.

मी कळव्याला राहतो. काही वर्षांपूर्वी ठाण्यातील एका संस्थेच्या पाहणीत प्रगणक म्हणून शहापूर तालुक्यात काम केले. मार्च महिना होता. आसनगावला उतरून जीपने, पुढे पायी अशा एका कातकरी वाडीवर पोहोचलो, तेव्हा यादीतून निवडलेल्या 14 घरांपैकी 9 घरे बंद होती. बंद म्हणजे कुलूप लावलेली नव्हेत. कुडाच्या दाराला सुतळी बांधलेली आणि कुत्री शिरू नयेत म्हणून खाली बोरीची काटेरी फांदी रोवलेली. आमच्या सूचनापत्रात नियम स्पष्ट होता: घर बंद असल्यास उजव्या हाताचे पुढचे उघडे घर घ्यावे. त्या नियमाने मी पुढे सरकत गेलो आणि वाडी संपून गावठाणातील पक्क्या भिंतींच्या, दारात मोटारसायकल असलेल्या घरांत पोहोचलो. संध्याकाळी अर्ज पूर्ण भरलेले होते आणि त्यांत वाडी जवळजवळ नव्हतीच.

उघड्या पाच घरांपैकी एका घरी एक म्हातारी आणि तिची दोन नातवंडे होती. ‘कुटुंबावर कर्ज आहे का?’ या प्रश्नाला तिने ‘नाही’ म्हटले आणि मी ‘नाही’वर खूण केली. निघता निघता सहज विचारले, मुलगा कुठे आहे? ती म्हणाली, ‘भट्टीवर. उचल घेतलीय ना.’ वीटभट्टीच्या मालकाकडून पावसाळ्यात, घरातले धान्य संपल्यावर घेतलेली ही आगाऊ रक्कम पुढच्या हंगामात विटा पाडून फेडायची असते. आठवड्याला फक्त खर्ची मिळते आणि हिशोब पावसाच्या तोंडावर होतो. फिटले नाही तर बाकी पुढच्या वर्षावर चढते. तिच्या लेखी कर्ज म्हणजे बँकेचे किंवा सोसायटीचे, आणि ते तिला कोणी कधी दिलेच नव्हते. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली असली, तरी माणसाला सहा महिने बांधून ठेवणारा हा व्यवहार माझ्या अर्जावर ‘कर्ज नाही’ म्हणून नोंदला गेला होता.

मी पर्यवेक्षकांना म्हटले की बंद घरांची माणसे भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर आहेत, तिथे जाऊन अर्ज भरू. त्यांचे म्हणणे असे की नमुन्याची संख्या पूर्ण झाली आहे, प्रवासखर्चाची तरतूद नाही आणि बदली घर घेणे ही मान्य पद्धत आहे. मी एका रविवारी स्वखर्चाने गेलो आणि त्या नऊपैकी तीन कुटुंबे शोधून काढली. ते तीन अर्ज ‘नमुन्याबाहेरचे’ म्हणून घेतले गेले नाहीत. ते चूक होते असे मी तेव्हा म्हटले आणि आजही म्हणतो. जे सर्वांत असुरक्षित म्हणून घर सोडून गेले, त्यांनाच वगळून असुरक्षिततेची सरासरी काढली, तर तो आकडा खोटा असतो. अर्जांची संख्या दुप्पट केल्याने तो खरा होत नाही.

निर्देशकांबद्दल एवढेच सांगतो. 2002 च्या दारिद्र्यरेषेच्या पाहणीत 13 निर्देशक होते, प्रत्येकाला 0 ते 4 असे एकूण 52 गुण. त्यांत कर्जाचा प्रकार आणि स्थलांतराचे कारण हे दोन्ही विचारलेले होते. 2011 च्या सामाजिक-आर्थिक गणनेतील वंचिततेच्या सात निकषांत हे दोन्ही नाहीत. तुम्ही सात निकष जरूर घ्या, पण त्यांना उचल आणि हंगामी स्थलांतर जोडा, आणि प्रश्न ‘कर्ज आहे का’ असा न विचारता ‘उचल कोणाकडून घेतली, मागची किती बाकी आहे’ असा विचारा. बंद घराला स्वतंत्र संकेतांक द्या आणि बदली घर घेऊ नका.

दोन गोष्टी न सांगणे अप्रामाणिक ठरेल. 2011 च्या गणनेत आदिम जमातींची कुटुंबे वंचितांत आपोआप समाविष्ट करायची होती आणि कातकरी त्यांत मोडतात, त्यामुळे कातकऱ्यांपुरती सात निकषांची उणीव कागदावर तरी भरून निघत होती. आणि प्रत्येक बंद घर गरिबाचे नसते. मुरबाड-शहापूरकडच्या कित्येक बंद घरांचे मालक डोंबिवली किंवा ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये राहतात. म्हणून घर बंद का आहे, हे शेजाऱ्याला विचारून त्याच दिवशी लिहून ठेवा.

पहिली फेरी भाद्रपदात, माणसे वाडीवर असताना करा. दिवाळीनंतर भट्टीमालकांचे टेम्पो येऊ लागतात, आणि कोण कोणत्या भट्टीवर गेले हे मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना नेमके माहीत असते. दुसऱ्या फेरीचा पत्ता त्यांच्याकडून घ्या, आणि त्या प्रवासाचा खर्च आत्ताच अंदाजपत्रकात धरा.