मेडिकल, पीएचडी की तिसरंच काही? दुसऱ्या वर्षातल्या लेकीसाठी

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे, मेजर बायोलॉजी. आधी डॉक्टरच व्हायचं म्हणत होती. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत बी मायनस आल्यापासून कधी पीएचडी म्हणते, कधी जेनेटिक काउन्सेलिंग, कधी बायोटेक कंपनीतली नोकरी. तिचे बाबा म्हणतात, एकदाचं काय ते ठरवून टाक. आम्ही अजून एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आहोत, ग्रीन कार्डच्या रांगेत. पुढच्या वर्षी ती २१ पूर्ण करेल. काय करावं?

उत्तर: बी मायनसची काळजी नंतर करू. तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे ती २१ व्या वाढदिवसाची, म्हणून सुरुवात तिथूनच.

लेक आज एच-४वर, म्हणजे एच-१बीधारकाच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असणार. २१ पूर्ण झाली की तिचा एच-४ संपतो आणि शिकत राहायचं तर बहुतेक मुलांना एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसकडून आय-२० हा विद्यार्थी व्हिसासाठीचा दाखला घ्यायचा आणि मग इथे राहूनच आय-५३९ हा अर्ज भरून स्टेटस बदलायचं किंवा भारतात जाऊन एफ-१ व्हिसा शिक्का मारून आणायचा. इथल्या अर्जाला कित्येक महिने लागू शकतात, म्हणून वाढदिवसाच्या सहा-आठ महिने आधीच हालचाल सुरू करा. ग्रीन कार्डच्या अर्जात तिचं वय कसं धरलं जाईल याचं गणित वेगळं असतं. ते वकिलाकडून लेखी घ्या, मराठी मंडळातल्या ओळखीच्यांच्या अनुभवावर सोडू नका.

याचा करिअरशी थेट संबंध आहे. एच-४वरच्या मुलांना पगाराचं काम करता येत नाही. एच-४ ईएडी (काम करण्याचं परवानापत्र) जोडीदारासाठी असतं, मुलांसाठी नसतं. त्यामुळे लॅबमध्ये पगारी जागा चालून आली तरी तिला नाही म्हणावं लागेल. तिने क्रेडिटसाठी रिसर्च घ्यावा. ज्या कामाचे इतरांना पैसे मिळतात ते फुकट करणंही धोक्याचं. एफ-१ झाल्यावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम चालतं, आणि डिग्रीनंतर १२ महिने ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात काम करण्याची परवानगी. बायोलॉजी स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) बसतं, त्यामुळे मालक ई-व्हेरिफाय या सरकारी पडताळणी यंत्रणेत नोंदलेला असेल तर आणखी २४ महिने मिळतात.

आता मार्गांकडे बघा. एफ-१वरच्या विद्यार्थ्यांना घेणारी मेडिकल स्कूल्स थोडीच आहेत, आणि त्यातली काही पूर्ण फीची रक्कम आधीच दाखवायला किंवा एस्क्रोत (तिऱ्हाइताकडच्या राखीव खात्यात) ठेवायला लावतात. फेडरल कर्ज मिळत नाही. पीएचडीचं तसं नाही. बायोमेडिकल शाखांत फी माफ असते आणि वर स्टायपेंड मिळतो, परदेशी विद्यार्थ्यांनाही. पण एनआयएचच्या (सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या) ट्रेनिंग ग्रँट्स नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठीच असतात, त्यामुळे काही विभाग परदेशी विद्यार्थी कमी घेतात. उन्हाळ्यातला एनएसएफचा (सरकारी विज्ञान संस्थेचा) आरईयू हा विद्यार्थी-संशोधन कार्यक्रम आणि पुढची ग्रॅज्युएट रिसर्च फेलोशिपही तिच्या स्टेटसवर मिळणार नाही. इथे जन्मलेल्या मैत्रिणीची यादी तिने जशीच्या तशी उचलू नये. मेडिकलसाठी तिची यादी वेगळी करा, प्रत्येक स्कूलच्या साइटवर परदेशी अर्जदारांचा नियम वाचा, आणि ग्रीन कार्ड अर्जाच्या आधी हाती येण्याची खरी शक्यता किती ते वकिलाला विचारा. उत्तर "पाचेक वर्षं तरी नाही" असं आलं, तर मेडिकलचा विचार त्या उत्तरासकट करावा लागेल. हे ऐकायला कठोर आहे, पण तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

आता बी मायनस. मेडिकल स्कूल्सचा एएमसीएएस हा सामाईक अर्ज बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा जीपीए (ग्रेडची सरासरी) वेगळा काढतो, आणि विषय पुन्हा घेतला तर जुनी ग्रेडही त्यात मोजतो. युनिव्हर्सिटीने जुनी ग्रेड पुसली तरी तिथे ती दिसतेच. म्हणून बी मायनससाठी ऑरगॅनिक पुन्हा घेण्यात अर्थ नाही. सी मायनस असती तर घ्यावीच लागली असती, कारण बऱ्याच ठिकाणी किमान सी लागते. त्याऐवजी तिने बायोकेमिस्ट्री घ्यावी आणि तिथे ए मिळवावी. ऑरगॅनिकमध्ये अडखळलेली मुलगी बायोकेमिस्ट्रीत सावरली, हे वाचणाऱ्याला लगेच दिसतं.

तिसऱ्या वर्षाचं टाइमटेबल असं लावा की सगळी दारं उघडी राहतील: बायोकेमिस्ट्री, लॅबसह फिजिक्सचे दोन भाग, स्टॅटिस्टिक्स, जेनेटिक्स. यातला जवळपास प्रत्येक विषय मेडिकललाही लागतो, पीएचडीलाही आणि काउन्सेलिंगलाही. यात आर किंवा पायथनच्या प्रोग्रॅमिंगचा एक कोर्स नक्की घाला. प्री-मेड मुलं तो टाळतात आणि नंतर कंपनीत किंवा ग्रॅड स्कूलमध्ये अडतात. एपीचं (हायस्कूलमधल्या कॉलेज पातळीच्या कोर्सचं) क्रेडिट घेऊन फिजिक्स सोडलं असेल तर सावध राहा. काही मेडिकल स्कूल्स एपी धरत नाहीत, त्याऐवजी वरच्या पातळीचा कोर्स मागतात.

पण निर्णय विषयांवरून होत नाही. बायोलॉजी आवडते हे डॉक्टरलाही लागू आहे आणि लॅबमधल्या शास्त्रज्ञालाही. दोघांचा दिवस मात्र कुठेही जुळत नाही. तिला कोणता दिवस रोज जगायला आवडेल हे लेक्चर हॉलमध्ये कळत नाही. त्यासाठी येत्या दोन सेमिस्टरमध्ये तिने दोन ठिकाणी पाय ठेवायला हवा, एक लॅब आणि एक दवाखाना.

लॅब अशी शोधा. विभागाच्या साइटवरून आठ-दहा प्राध्यापक निवडायचे आणि प्रत्येकाचा गेल्या दोन वर्षांतला एक पेपर निदान सारांश आणि आकृत्यांपुरता वाचायचा. मग सेमिस्टर सुरू होण्याच्या तीन-चार आठवडे आधी छोटा ईमेल, दीडशे-दोनशे शब्दांचा: मी कोण, तुमच्या पेपरमधली कोणती गोष्ट मला समजून घ्यायची आहे, आठवड्याला ८ ते १० तास आणि किमान दोन सेमिस्टर देऊ शकते, सोबत एक पानी रेझ्युमे. सगळ्यांना एकच मजकूर पाठवला की पहिल्याच ओळीत कळतं आणि ईमेल तिथेच थांबतो. आठवड्याभरात उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करायची, दुसऱ्यांदा नाही. भेटीला बोलावलं की तिने दोन गोष्टी विचाराव्यात: मला रोज शिकवणार कोण, आणि सहा महिन्यांनी माझं स्वतःचं काम काय असेल? उत्तर "आधी भांडी धुवायला लाग, मग बघू" अशा थाटाचं असेल तर दुसरी लॅब बघा.

तिथे काय बघायचं? समजा तिला पेशी वाढवायला दिल्या. इन्क्युबेटर ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, दर दोन-तीन दिवसांनी माध्यम बदलायचं, शनिवार-रविवार असला तरी. सोमवारी फ्लास्क काढला आणि गुलाबी माध्यम पिवळं, गढूळ झालेलं दिसलं, म्हणजे जंतुसंसर्ग. तीन आठवड्यांचं काम ब्लीच घालून ओतून द्यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. किंवा क्यूपीसीआरच्या (डीएनए मोजण्याच्या चाचणीच्या) ९६ खणांच्या प्लेटमध्ये एकाच नमुन्याचे तीन खण एकमेकांशी जुळत नाहीत, कारण पिपेटमधून थेंब कमी-जास्त पडला. अशा सोमवारी तिच्या डोक्यात काय येतं, तिथे खरं उत्तर आहे. "नेमकं कुठे चुकलं असेल" हा विचार तिला घरी जेवतानाही सोडत नसेल, तर पीएचडीचा विचार जरूर करावा. नुसताच कंटाळा आणि राग येत असेल तर पाच-सहा वर्षांची पीएचडी तिला पिळून काढेल, मग जीपीए कितीही असो.

पीएचडीसाठी आधी मास्टर्स लागत नाही, हे भारतातून आलेल्या आईवडिलांना बरेचदा माहीत नसतं आणि पदरचे पैसे घालून मास्टर्स केलं जातं. अर्ज डिसेंबरच्या सुरुवातीला असतात. बायोमेडिकल शाखांत जीआरई ही प्रवेश परीक्षा बहुतेक ठिकाणी मागत नाहीत. वजन असतं ते रिसर्चचा अनुभव आणि तीन शिफारसपत्रांना. त्यातलं एक तरी तिला लॅबमध्ये काम करताना पाहिलेल्या प्राध्यापकाचं हवं, आणि त्यासाठी एक उन्हाळा पुरत नाही.

दवाखान्याची बाजू तुमच्या ओळखीतून सुटू शकेल. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळात डॉक्टर कमी नाहीत. त्यांच्याकडे शॅडोइंग (डॉक्टरसोबत राहून काम नुसतं बघणं) मागायला हरकत नाही, फक्त हॉस्पिटलची रीतसर परवानगी आणि पेशंटच्या गोपनीयतेचं प्रशिक्षण झाल्यावरच. काकांनी दिलेलं शिफारसपत्र मात्र अर्जात कामाचं नाही. नुसतं शॅडोइंगही पुरत नाही. हॉस्पिस (अखेरच्या टप्प्यातल्या पेशंटची सेवा), इमर्जन्सी विभाग किंवा मोफत क्लिनिकमध्ये दर आठवड्याला तीन-चार तास, वर्षभर, असं काम हवं. उन्हाळ्यात पुण्या-मुंबईला मामाच्या हॉस्पिटलमध्ये जाऊन ऑपरेशनला हात लावला, इंजेक्शन दिलं, असं काही मुलं अभिमानाने अर्जात लिहितात. प्रशिक्षण नसताना पेशंटवर काम केलं म्हणून तेच त्यांच्या विरोधात जातं. तिथे जावं, बघावं, पण हात मागे ठेवावेत.

पेशंटसोबत चार तास काढून ती घरी येते तेव्हा कशाबद्दल बोलते ते ऐका. माणसाबद्दल बोलत असेल तर क्लिनिकल काम तिचं आहे. आजारामागच्या कारणाबद्दलच बोलत असेल तर ती लॅबकडे झुकते आहे. दोन्ही तितक्याच असोशीने बोलत असेल तर एमडी-पीएचडी नावाचा मार्ग आहे, साधारण आठ वर्षांचा, पण त्याचा सरकारी निधीही नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठीच असतो.

जेनेटिक काउन्सेलिंगला "मेडिकल नाही जमलं म्हणून" असं बघू नका, कारण निवड करणारे लोक हे दोन मिनिटांत ओळखतात. दोन वर्षांचं मास्टर्स, एसीजीसी या मान्यता मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेतूनच, आणि प्रवेश रेसिडेन्सीसारखा (डॉक्टरांच्या डिग्रीनंतरच्या हॉस्पिटल प्रशिक्षणासारखा) मॅचमधून, म्हणजे अर्जदार आणि संस्था यांचे पसंतीक्रम जुळवून. पेशंटच्या तीन पिढ्यांची वंशावळ मांडायची, कोणती टेस्ट काय सांगेल आणि काय सांगणार नाही हे समजावायचं, मग रिपोर्ट, पत्रं, इन्शुरन्सशी पत्रव्यवहार. गरोदर बाईला अवघड बातमी देऊन तिचा निर्णय तिलाच घेऊ द्यायचा, हे या कामाचं मर्म आहे. म्हणून अर्जात क्रायसिस लाइनवरचं (संकटातल्या माणसांसाठीच्या फोन मदतसेवेवरचं) किंवा अशाच प्रकारचं काम बघतात. तिने निदान दोन काउन्सेलर्सशी वीस-वीस मिनिटं बोलावं. दिवसातला किती वेळ पेशंटसमोर जातो आणि किती कागदांत, हे विचारावं.

बायोटेकमधली रिसर्च असोसिएटची नोकरी बीएसवर मिळते, आणि तुम्ही तर औषध कंपन्यांच्या राज्यातच राहता. तिथे जीपीएपेक्षा "हे हाताने केलं आहेस का" असं विचारतात: सेल कल्चर, एलायझा, फ्लो सायटोमेट्री, नोंदवही नीट ठेवणं. दोन-तीन वर्षं तिथे काढून मग पीएचडीला जाणारे पुष्कळ. बीएसवर स्वतःचा प्रोजेक्ट चालवायला मिळणं मात्र अवघड, हे आधीच कळलेलं बरं. क्लिनिकल लॅबचं एमएलएस (मेडिकल लॅबोरेटरी सायंटिस्ट) प्रमाणपत्र हाही पक्का, नोकरी देणारा मार्ग आहे, फक्त कॅलिफोर्नियासारख्या राज्यात वेगळा परवाना लागतो. मेडिकल फिजिक्स तिच्यासाठी आता उशिराचं ठरेल, त्याला निदान फिजिक्सचा मायनर लागतो.

पैशांचं एक सांगायला हवं. खासगी मेडिकल स्कूलचा चार वर्षांचा खर्च साडेतीन लाख डॉलरच्या पुढे जाऊ शकतो, त्यानंतर तीन ते सात वर्षं रेसिडेन्सी. पुढेमागे ग्रीन कार्ड आलं तरी फेडरल ग्रॅड प्लस कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद आहे. मेडिकलसारख्या शिक्षणाला वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख डॉलर अशी मर्यादा आहे. वरचं अंतर खासगी कर्ज किंवा घरच्या पैशांनी भरायचं. रिटायरमेंटच्या पैशांना हात लावणार की नाही, हे तुम्ही दोघांनी आधी आपसात ठरवा आणि मग लेकीला आकडा सांगा. गुळमुळीत "बघू काहीतरी" हे उत्तर तिला उपयोगी नाही.

"भारतात एमबीबीएस करून परत ये" हा पर्यायही घरात निघत असेल. त्याला 'नीट' ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, साडेचार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. नंतर इथे यूएसएमएलई ही डॉक्टरी परवान्याची परीक्षा आणि परदेशी पदवीधर म्हणून रेसिडेन्सी. इथली डिग्री अर्ध्यावर असताना हे करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आणि बाबांना सांगा, आत्ता ठरवण्याची घाई नाही, पण तारखा आहेत. सरळ चौथ्या वर्षानंतर मेडिकलला जायचं असेल तर एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा तिसऱ्या वर्षाच्या जानेवारी ते मे दरम्यान द्यावी लागते. तयारीला ३०० तासांच्या आसपास धरा आणि अर्ज जूनमध्ये. त्या हिवाळ्यापर्यंत लॅब आणि दवाखाना दोन्हीत निदान एक सेमिस्टर झालेलं नसेल तर एमकॅट पुढे ढकला. अर्धवट तयारीचा स्कोअर मिटत नाही, तो सगळ्यांना दिसतो. डिग्रीनंतर एक-दोन वर्षं थांबून अर्ज करणं आता सर्रास चालतं, त्याला कोणी नाक मुरडत नाही. तिच्या बाबतीत ती थांबण्याची वर्षं ओपीटीवर काढावी लागतील. तो अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ते संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंतच करता येतो, आणि पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहिलेलं चालत नाही. म्हणून लॅबमधली जागा किंवा कंपनीतली नोकरी शेवटच्या सेमिस्टरच्या आधीच्या ऑक्टोबरपासून शोधायला लागा.